लिहायला वाचणारा लागतो, मग तो गेममधला का असेना

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा आला आणि आमच्याकडे जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. आमच्याकडे म्हणजे मुलांना घरीच शिकवणारे आम्ही पुण्यातले काही पालक महिन्यातून एकदा भेटतो तिथे. खरं तर त्या कायद्यात पैशांचे गेम वेगळे, ई-स्पोर्ट्स वेगळे आणि साधे करमणुकीचे किंवा शैक्षणिक गेम वेगळे असे कप्पे केलेत, पण भांडायला बसलेल्या माणसाला कप्प्यांशी काय देणंघेणं? रमी, पब्जी, कँडी क्रश, माइनक्राफ्ट सगळं एकाच पोत्यात. एक पार्टी म्हणते स्क्रीन म्हणजे विष, शाळेतून काढलं ते काय यासाठी का? दुसरी पार्टी म्हणते अहो गेममुळे प्रॉब्लेम सॉल्व्हिंग वाढतं, हाताडोळ्याचा मेळ बसतो, कल्पनाशक्ती फुलते, आणि हे ऐकताना मला तरी च्यवनप्राशची जाहिरात आठवते. मला वाटतं दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडतायत. माझं म्हणणं यापेक्षा खूप छोटं आहे. गेम काही लिहायला शिकवत नाही, पण लिहायची गरज मात्र पैदा करू शकतो, आणि घरी शिकणाऱ्या पोराकडे वेळ असतो, पुस्तकं असतात, डोक्यावर बसलेली आई असते, फक्त ही गरज तेवढी नसते.

हे माझ्या डोक्यात कसं शिरलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही राजगडला गेलो होतो, आल्यावर मी चिरंजीवांना (तेव्हा नऊ पूर्ण) म्हटलं एक पानभर लिही बरं. पंधरा मिनिटांनी वही आली. "आम्ही राजगडला गेलो. खूप मजा आली. मग आम्ही घरी आलो." मी म्हटलं, अरे मधलं काय? चढताना रडलास, माकडाने चिवडा पळवला, नेढ्यात बसून वारा खाल्ला, ते कुठाय? तर तो अगदी शांतपणे म्हणाला, "आई, तू होतीस की तिथे. तुला माहितीये सगळं."

यावर काय बोलणार? त्याचं बरोबरच होतं. शाळेतल्या निबंधाला आपण कितीही नावं ठेवली तरी शाळेत निबंधाच्या वहीपलीकडे लिखाणाचं एक आख्खं जग असतं. बाकाखालून फिरणाऱ्या चिठ्ठ्या, गॅदरिंगचे फिशपाँड, फळ्यावर कोणीतरी लिहिलेलं टोपणनाव, वर्गाचं हस्तलिखित. तिथे वाचणारा कोणीतरी वेगळा असतो, तो हसतो, चिडतो, किंवा त्याला कळतच नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला वाचक एकच, ती म्हणजे आई, आणि आईला सगळं आधीच माहीत असतं, शिवाय ती लाल पेन घेऊन बसलेली असते. व्हिगोट्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाचं १९३४ साली आलेलं म्हणणं आहे की लिहिणं म्हणजे समोर कोणी नसताना बोलणं, म्हणून मुलाला ते अवघड जातं आणि त्याला त्याचं कारणही कळत नाही. आमच्या घरात तर समोर कोणी नव्हतं एवढंच नाही, समोर जी होती तिला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग माइनक्राफ्ट आलं, म्हणजे ठोकळ्यावर ठोकळा ठेवत हवं ते बांधायचा गेम, आणि ते शिक्षणासाठी वगैरे नाही आलं, उगाच खोटं कशाला बोलू. नाशिकच्या मावसभावाकडे होतं म्हणून हट्ट झाला आणि नाशिकच्या भाऊजींनी दोघांसाठी एक छोटा सर्व्हर लावून दिला. माइकवर गप्पा मारायच्या नाहीत ही अट माझ्या बहिणीची, तिला घरात आरडाओरडा नको होता. आता गंमत अशी झाली की हा घरी असतो म्हणून सकाळी खेळणार, आणि मावसभाऊ, म्हणजे याचा दादा, शाळेतून येऊन क्लास आटपून संध्याकाळी. एकच दुनिया, एकच किल्ला दोघं मिळून बांधतायत, पण एका वेळी दोघं तिथे जवळजवळ नसतातच. मग निरोप ठेवायचा कसा? तर लिहून.

त्या गेममध्ये लाकडी पाटी असते, तिच्यावर चार ओळी मावतात, त्याही आखूड. आणि जास्त लिहायचं असेल तर पुस्तक आणि लेखणी बनवावी लागते, म्हणजे शब्दशः बनवावी लागते. कागदासाठी ऊस लावायचा, पुठ्ठ्यासाठी गाईचं कातडं, कोंबडीचं पीस आणि शाईसाठी स्क्विड पकडायचा. (ऊस लावल्याशिवाय कागद नाही हे ऐकून आमचे साताऱ्याचे आजोबा इतके खूश झाले की हा गेम कोल्हापूरच्या माणसाने केला असणार म्हणाले. स्टॉकहोमचा आहे हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.) लिहून झालं की पुस्तकावर सही करता येते, आणि एकदा सही केली की त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. आमच्या पोराला "पुन्हा एकदा वाचून बघ" हे वाक्य मी हजार वेळा ऐकवलं असेल, शून्य परिणाम. सहीच्या बटणापाशी तो आपला आपण थांबायला लागला.

आणि मग तो लाव्हाचा किस्सा. यांनी किल्ल्याखाली एक चोरवाट खणली होती, याने सकाळी तिच्यात एक सापळा केला आणि दादासाठी पाटी लावली की आत गेल्यावर डावीकडे वळ. संध्याकाळी दादा आला, डावीकडे वळला आणि थेट लाव्हात, सोबत त्याचे सगळे हिरे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाटीशेजारी दुसरी पाटी, "कुठल्या डावीकडे? आत येणाऱ्याच्या का बाहेर जाणाऱ्याच्या? गाढवा." मी दीड वर्ष घसा कोरडा करून जे सांगत होते, की वाचणाऱ्याला तुझ्या डोक्यातलं दिसत नसतं रे, ते त्या एका "गाढवा"ने झालं. याने पाटी चार वेळा बदलली. शेवटची आवृत्ती अशी होती: "आत आलास की मशाल दिसेल. मशाल उजव्या हाताला ठेव. दहा पावलं. मग थांब." माझ्या मते हे त्याने तोपर्यंत लिहिलेलं सगळ्यात चांगलं मराठी गद्य होतं. कुठे उभं राहून वाचायचं ते ठरलंय, खूण दिलीय, क्रम आहे, फालतू शब्द एक नाही. पूर्वी तारेत शब्दाला पैसे पडायचे म्हणून लोक असं लिहायचे, इथे ओळीत जागा नाही म्हणून.

एका घराचा किस्सा म्हणजे पुरावा नव्हे, मान्य. पण मी काही नवीन शोध लावत नाहीये. इंग्लंडमध्ये चू मॅग्ना नावाच्या गावच्या प्राथमिक शाळेत टिम रायलंड्स नावाचे शिक्षक 'मिस्ट' मालिकेतले गेम वर्गात पडद्यावर लावायचे. मिस्टमध्ये मारामारी नाही, घड्याळ नाही, एक निर्जन बेट आणि कोडी. ते एखाद्या वळणावर गेम थांबवायचे आणि विचारायचे काय दिसतंय, काय ऐकू येतंय, पायाखाली काय आहे, लिहा. २००५ साली त्यांना या कामासाठी तिथला राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. इथे नीट बघा, त्यात कमाल गेमची किती आणि थांबवण्याची किती? माझ्या मते बरीचशी थांबवण्याची. तिथल्याच नॅशनल लिटरसी ट्रस्टने २०१९ च्या शेवटी ११ ते १६ वयाच्या साडेचार हजारांवर मुलांची पाहणी केली, त्यात गेम खेळणाऱ्यांपैकी सुमारे ६३ टक्के मुलं महिन्यातून एकदा तरी गेमशी संबंधित काहीतरी लिहीत होती, कोणी टिप्स, कोणी परीक्षण, कोणी गेममधल्या पात्रांच्या गोष्टी. आता यावर कोणी म्हणेल की अहो लिहिणारी मुलं लिहिणारच, गेम नसता तर आणखी कशावर लिहिलं असतं. शक्य आहे. मुलांनी स्वतः सांगितलेली ही गोष्ट आहे, गेममुळे लिखाण सुधारलं असं त्यातून सिद्ध होत नाही आणि तसा दावा करणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. त्यातून एवढंच दिसतं की गेमच्या आजूबाजूला लिखाण होतं, आपोआप होतं, कोणी मार्क देत नसताना होतं. मोठ्यांच्या लिखाणाबद्दल तरी आपण याहून वेगळी काय अपेक्षा करतो?

आणि हे नातं जुनं आहे. १९७६ च्या सुमारास विल क्राउदर नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने, ज्याला गुहांमधून हिंडायचा नाद होता, घटस्फोटानंतर आपल्या मुलींना खेळायला म्हणून एक गुहेचा गेम लिहिला. त्यात चित्र एकही नाही. कॉम्प्युटर शब्दांत सांगणार तू कुठे आहेस, आणि तुम्ही शब्दांत सांगायचं मी काय करतो. म्हणजे या जातीच्या गेमचा जन्मच एका बापाने मुलींसाठी लिहिलेल्या मजकुरातून झालाय. आजही ट्विन नावाचं फुकटचं साधन आहे, २००९ पासून, त्यात वाचणाऱ्याने निवड केली तशी फुटत जाणारी गोष्ट लिहिता येते, ब्राउझरमध्ये चालते, देवनागरीत चालते. "दार उघडायचं असेल तर इथे, पळायचं असेल तर तिथे" असं करताना पोराला प्रत्येक वाटेवर विचार करावा लागतो की वाचणाऱ्याला इथपर्यंत काय कळलंय आणि काय नाही. मोठमोठ्या लेखकांची दांडी इथेच उडते.

आता विरोधकांचे मुद्दे, आणि त्यातले काही खरोखर वजनदार आहेत. पहिला व्यसनाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंग डिसऑर्डरला आजारांच्या यादीत घेतलं, ते काही उगाच नाही. आमच्या ओळखीत एक मुलगा जेवायला उठत नव्हता इथपर्यंत गेला होता, त्याच्या आईला मी हा लेख वाचून दाखवायला जाणार नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला तर शाळेची घंटा नसते, दिवसभर मोकळं रान. पण नीट पाहिलं तर हा मुद्दा किती वेळ आणि कुठला गेम याचा आहे, आणि त्याचं उत्तर तिथेच द्यायला हवं. माझा मुद्दा सगळ्या गेमना लागू नाही हे मीच सांगते. ज्यात रंगीत गोळ्या जुळवायच्या त्यात लिहायला काय आहे? ज्यात शंभर जण एकमेकांना गोळ्या घालतात तिथे माइक असतो, "मागे बघ मागे बघ" ओरडलं की काम झालं. अर्थात पब्जीनेही एकदा लिहायला लावलंय म्हणा. २०१९ साली मुंबईतल्या एका ११ वर्षांच्या मुलाने सरकारला चार पानी पत्र लिहिलं होतं की पब्जी बंद करा, आणि प्रकरण आईमार्फत हायकोर्टापर्यंत गेलं. चार पानं! वाचक ठरलेला, मागणी ठरलेली, राग खरा. आमच्या निबंधाच्या वहीत एवढं कधी आलं नव्हतं.

दुसरा मुद्दा अक्षराचा. दहावीला एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेची, परीक्षा तीन तास हाताने लिहायची आहे, तिथे की-बोर्ड देणारेत का, असं मला एका काकांनी विचारलं, आणि ते बरोबरच बोलले. हाताची सवय वेगळी करावीच लागते, आम्ही रोज एक पान करतो, कटकट करत करतो. पण आपल्याकडे लिहिणं आणि अक्षर काढणं यात पूर्वीपासून घोळ आहे. दासबोधात लेखनक्रियेवर एक आख्खा समास आहे आणि समर्थांनी त्यात शाई कशी, ओळ कशी, दोन अक्षरांत अंतर किती हे सगळं बारकाईने सांगितलंय, कारण तेव्हा लिहिणं म्हणजे मुख्यतः पोथीची नक्कल करणं होतं आणि नकलेत अक्षर चुकलं की ग्रंथ बुडाला. आज नक्कल झेरॉक्सवाला दोन रुपयांत करून देतो. तरी आपण पोराची वही उघडली की आधी अक्षर बघतो, मग शुद्धलेखन, आणि काय म्हणायचंय ते बघेपर्यंत कुकरची शिट्टी होते.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, भाषेचा. गेम इंग्रजीत, मेनू इंग्रजीत, त्यावरचे सगळे व्हिडिओ इंग्रजीत नाहीतर हिंदीत. मग सुधारलं तर इंग्रजी सुधारेल, मराठीचं काय? आमची दोघं पाट्या लिहायची त्या रोमन लिपीत मराठी, तेही अर्धं, "are ithe khanu nako" छाप, हे मी देवनागरीत लिहिलं असतं तर इतकं भयानक दिसलं नसतं. असो, दिसू दे. पण झालं काय, तर राजगड बांधायला घेतला तेव्हा साताऱ्याच्या आजोबांना दाखवायची हौस आली. आजोबांना स्क्रीनवर काही दिसत नाही, मोबाईल पुढे धरला की म्हणतात "काय ते हिरवं हिरवं". त्यांना हवं होतं कागदावर, मोठ्या अक्षरात, मराठीत. मग पद्मावती माची, सुवेळा, संजीवनी, मधे बालेकिल्ला, पाली दरवाजाने वर यायचं, असं वाट दाखवणारं तीन पानी पत्र गेलं. आजोबांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, की दरवाजा "खूप मोठा" म्हणजे केवढा? हत्ती जाईल का? हत्ती डोंगरावर चढेल का? पोरगा उत्तर शोधायला पुस्तकात घुसला. इथे गेमने मराठी शिकवलं का? अजिबात नाही. आजोबांनी शिकवलं. पण गेम नसता तर आजोबांना लिहायला त्याच्याकडे काय होतं, "मी मजेत आहे, तुम्ही कसे आहात"?

यावर एक हुशार बाई म्हणाल्या की मग दिवाळीचा किल्ला करा ना, मातीचा. तिथेही पाट्या लावतात, मावळे मांडतात, शेजारपाजारचे बघायला येतात, त्याला गेम कशाला? या प्रश्नाला माझ्याकडे चोख उत्तर नाही, कारण तो जवळपास बरोबर आहे. माइनक्राफ्ट म्हणजे बारमाही दिवाळीचा किल्लाच आहे. आम्ही मातीचाही करतो. फरक एवढाच की मातीचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो, बघणारा समोर उभा असतो त्यामुळे तोंडी सांगून भागतं, आणि नाशिकचा दादा त्यात हिरे हरवत नाही. लिहिणं लागतं ते माणूस लांब असल्यावर. आणि ज्या घरात गडबडगोंधळ करणारी चार भावंडं, शेजारी, पत्र लिहिणारी आत्या, असं सगळं जागेवर आहे त्यांनी गेमच्या वाटेला नाही गेलं तरी चालेल. आमच्या फ्लॅटमध्ये तसं नाही.

चांगली पुस्तकं वाचली की लिखाण सुधारतं, हा अजून एक ठरलेला मुद्दा. वाचलंच पाहिजे, प्रश्नच नाही. पण वाचन म्हणजे पवित्र आणि गेम म्हणजे उकिरडा ही वाटणी कधी झाली? आमच्या आजोबांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचल्यात, हजाराहून जास्त कथा लिहिल्या त्या माणसाने, आणि त्या वाचून पोरं बिघडतात यावर तेव्हाच्या मास्तरांचं एकमत होतं. आज तीच आजोबा मंडळी आम्हाला सांगतात की आमच्या वेळी आम्ही कसं भरपूर वाचायचो. नाटकाच्या नादाला लागला म्हणजे पोरगा गेला, असंही म्हणायचेच की.

आणि घरी शिकण्याचंही असंच, जणू हे अमेरिकेतून आलेलं फॅड. मराठीत उत्तम गद्य लिहिणाऱ्या कितीतरी बायका घरीच शिकल्या. रमाबाई रानड्यांना लग्नानंतर न्यायमूर्तींनी शिकवलं, लक्ष्मीबाई टिळकांना त्यांच्या नवऱ्याने, कवी ना. वा. टिळकांनी. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३० च्या दशकात आली आणि अजून वाचताना वाटतं बाई ओसरीवर बसून आपल्याला सांगतायत. त्यांच्याकडे निबंधाचा साचा नव्हता, प्रस्तावना-मध्य-समारोप नव्हतं, पण ऐकणारा कायम डोळ्यांसमोर होता.

आता चूक माझी, तीही सांगायला हवी. हे सगळं जमतंय म्हटल्यावर माझ्यातली शिक्षिका जागी झाली आणि मी म्हटलं, छान, आता रोज खेळून झालं की गेमवर दहा ओळी लिहून दाखव. तिसऱ्या दिवशी पाट्यासुद्धा बंद. वाचणारी पुन्हा मीच झाले होते ना. पंधरा दिवस मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही तेव्हा गाडी रुळावर आली. मधे एकदा त्याने चॅटबॉटकडून पाटी लिहून घेतली, "हा किल्ला आपल्या गौरवशाली वारशाचा अनमोल ठेवा आहे". दादाची संध्याकाळची पाटी, "हे कोण बोललं? पालकमंत्री?" मला काही करावं लागलं नाही.

सध्या दोघांचं भांडण चालू आहे. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर कोणाचा वाडा उंच यावरून. याने काल एक पुस्तक सही करून पेटीत ठेवलंय, त्यात दादाचे मुद्दे एकेक करून खोडून काढलेत म्हणे. मला वाचायला दिलेलं नाही. "तुझ्यासाठी नाहीये ते," म्हणाला.